नव्वद गुणांची बाटली आणि ग्राहकाची जीभ

पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या एखाद्या मोठ्या वाइन शॉपमध्ये लाल वाइनच्या कप्प्यासमोर उभा राहिलेला ग्राहक बहुधा दोनच गोष्टी पाहतो. पहिली किंमत, दुसरी बाटलीवरचे गोल चिकटपत्र. त्यावर कधी ‘९० गुण’ असे छापलेले असते, तर कधी सुवर्ण वा रौप्य पदकाचे चित्र असते. बाटली उघडून चव पाहण्याची सोय नसते, द्राक्षाच्या जातींची नावे परकी असतात आणि शेजारच्या बाटलीशी किमतीतला फरक शे-दोनशे रुपयांचा असतो. अशा वेळी तो आकडाच निर्णय करून टाकतो. घरी मात्र तीच वाइन तुरट आणि आंबट लागते, जेवणाच्या टेबलावर कोणी दुसरा पेला मागत नाही, आणि दोष वाइनचा की आपल्याच जिभेचा, असा संभ्रम ग्राहकाच्या मनात उरतो.

हा संभ्रम वरवर किरकोळ वाटला, तरी त्यामागे बाजारपेठेचा एक मोठा बदल उभा आहे. भारतात आयात वाइनवर मूळ सीमाशुल्क दीर्घकाळ १५० टक्के राहिले. ऑस्ट्रेलियाशी झालेला आर्थिक सहकार्य व व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ रोजी अमलात आला आणि ही भिंत प्रथमच खाली आली. पाच डॉलरहून अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरील शुल्क १०० टक्क्यांवर आले. ते दहा वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत उतरणार आहे. पंधरा डॉलरहून अधिक मूल्याच्या बाटलीवर ते ७५ टक्के झाले असून पुढे २५ टक्क्यांपर्यंत येईल. पाच डॉलरखालच्या वाइनला ही सवलत नाही. युरोपीय संघाशी झालेल्या वाटाघाटींतही वाइनवरील शुल्क हा कळीचा मुद्दा राहिला होता. याचा अर्थ असा, की नाशिक, सोलापूर वा विजयपूरच्या द्राक्षांपासून बनलेली वाइन आणि गुणांची, पदकांची चिकटपत्रे लावून आलेली परदेशी वाइन यांच्या किमतींमधील अंतर हळूहळू कमी होणार. तेव्हा परवडणाऱ्या लाल वाइनचा निवाडा कोणत्या निकषावर करायचा, हा प्रश्न ग्राहकाच्या खिशाइतकाच या भागातील द्राक्ष उत्पादकांच्या उत्पन्नाशीही जोडलेला आहे.

शंभर गुणांचा उगम

वाइनला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत रूढ केली ती अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी. पेशाने वकील असलेल्या पार्कर यांनी १९७८ मध्ये ‘द वाइन अ‍ॅडव्होकेट’ हे नियतकालिक सुरू केले. त्या काळी वाइनविषयी लिहिणारे अनेक जण व्यापाराशीही संबंधित असत. ग्राहकाच्या बाजूने उभा राहणारा, जाहिराती न घेणारा समीक्षक ही पार्कर यांची प्रतिमा होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखा दिसणारा गुणांक अमेरिकी वाचकाला तत्काळ कळला. बोर्दो प्रदेशाच्या १९८२ च्या हंगामाची त्यांनी केलेली प्रशंसा पुढे बाजाराने मान्य केली आणि त्यांचा शब्द दराचा नियंता बनला.

या मोजपट्टीची रचना समजून घेण्यासारखी आहे. तीत प्रत्येक वाइनला आरंभीचे ५० गुण मिळतातच. ९६ ते १०० असामान्य, ९० ते ९५ उत्कृष्ट, ८० ते ८९ सरासरीहून वरचढ, ७० ते ७९ सर्वसाधारण, असे तिचे टप्पे आहेत. प्रत्यक्षात ग्राहकाच्या नजरेस पडतात ते ८५ ते १०० मधलेच आकडे, कारण त्याखालचा गुण कोणी चिकटपत्रावर छापत नाही. नव्वदच्या वर बाटली खपते, एकोणनव्वदवर ती पडून राहते, अशी बाजाराची मानसिकता तयार झाली. एका गुणाचा फरक हा मोजमापातला फरक मानला जाऊ लागला.

दुसरीकडे युरोपातील अनेक समीक्षक वीसपैकी गुण देतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील केंद्रानेही विसाचीच पट्टी वापरली होती. तिचा मूळ हेतू वाइननिर्मितीतील दोष शोधण्याचा होता. रंग, स्वच्छता, गंध, आम्लता, तुरटपणा अशा घटकांना वेगवेगळे गुण देऊन बेरीज करायची, ही तिची रीत. दोष शोधण्यासाठी बनवलेले हत्यार आनंद मोजण्यासाठी वापरले गेले, आणि गोंधळाचा बराचसा भाग येथेच सुरू झाला.

परीक्षकांचीच परीक्षा

तज्ज्ञांच्या गुणांवर किती विसंबावे, याचा सर्वांत रोखठोक तपास केला तो रॉबर्ट हॉजसन यांनी. समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक असलेले हॉजसन कॅलिफोर्नियात स्वतःची छोटी वायनरी चालवत. त्यांच्या एकाच वाइनला एका स्पर्धेत सुवर्णपदक मिळे, तर दुसऱ्या स्पर्धेत काहीच मिळत नसे. या कोड्याचा शोध घेण्यासाठी त्यांनी कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या वाइन स्पर्धेत २००५ पासून चार वर्षे प्रयोग केला. परीक्षकांपुढे येणाऱ्या सुमारे तीस पेल्यांत एकाच बाटलीतून ओतलेली वाइन तीन वेळा ठेवली जाई. परीक्षकांना त्याची कल्पना नसे. २००८ मध्ये ‘जर्नल ऑफ वाइन इकॉनॉमिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता, की एकच वाइन तिन्ही वेळा एकाच पदकाच्या कक्षेत ठेवू शकणारे परीक्षक सुमारे दहा टक्केच होते. तितक्याच परीक्षकांनी त्याच वाइनला कधी कांस्य, तर कधी सुवर्ण दिले होते.

पुढील वर्षी त्यांनी अमेरिकेतील १३ स्पर्धांच्या निकालांची तुलना केली. तीनपेक्षा अधिक स्पर्धांत उतरलेल्या २,४४० वाइनपैकी ४७ टक्के वाइनना कुठे ना कुठे सुवर्णपदक मिळाले होते; पण त्या सुवर्णविजेत्यांपैकी ८४ टक्के वाइनना अन्य एखाद्या स्पर्धेत कोणतेही पदक मिळालेले नव्हते. सुवर्णपदक मिळण्याची शक्यता निव्वळ योगायोगानेही स्पष्ट करता येते, असे त्यांचे अनुमान होते.

स्वस्त लाल वाइनच्या बाबतीत याचे बोलके उदाहरण अमेरिकेतच घडले. २००२ मध्ये ‘चार्ल्स शॉ’ या नावाची वाइन कॅलिफोर्नियात अवघ्या १.९९ डॉलरला विक्रीस आली. तिच्या २००२ च्या शिराझला २००४ मधील ‘इंटरनॅशनल ईस्टर्न वाइन कॉम्पिटिशन’मध्ये सुमारे २,३०० वाइनमधून दुहेरी सुवर्णपदक मिळाले. दोन डॉलरच्या बाटलीने महागड्या बाटल्यांना धूळ चारली, असा या घटनेचा गाजावाजा झाला. हॉजसन यांच्या संशोधनाच्या प्रकाशात मात्र त्यातून वेगळाच धडा निघतो. एका स्पर्धेतील एका पदकाने स्वस्त वाइन थोर ठरत नाही आणि महाग वाइन फसवी ठरत नाही. एकटे पदक हा दोन्ही बाजूंनी दुबळा पुरावा आहे.

तज्ज्ञांमधील मतभेद केवळ थकव्याने होतात, असेही नाही. बोर्दोच्या शातो पाव्ही या वाइनच्या २००३ च्या हंगामावरून २००४ मध्ये पार्कर आणि ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन यांच्यात झालेला वाद प्रसिद्ध आहे. पार्कर यांनी जिची मुक्तकंठाने स्तुती केली, तिला रॉबिन्सन यांनी वीसपैकी बारा गुण दिले. दोघांचाही अनुभव दांडगा, दोघांचीही जीभ तयार. फरक होता तो अभिरुचीचा. एकाला दाट, पिकलेल्या फळांचा भारदस्तपणा हवा होता. दुसरीला बोर्दोकडून अपेक्षित असलेला संयम त्यात दिसला नाही. म्हणजे तज्ज्ञाचा गुण ज्याला म्हणतात, त्यातही वैयक्तिक आवड असतेच; ती आकड्याच्या आड झाकली जाते, इतकेच.

स्वतःची जीभ तरी किती स्वतंत्र?

इतके वाचल्यावर ‘ज्याला जे आवडेल ते चांगले’ असा निकाल देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. पण वैयक्तिक चवही वाटते तितकी निरपेक्ष नसते. २००८ मध्ये ‘पीएनएएस’ या विज्ञानपत्रिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वीस जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून कॅबर्ने सोव्हिन्यों चाखायला दिली गेली. पाच वेगवेगळ्या किमतींच्या पाच वाइन असे त्यांना सांगितले होते; प्रत्यक्षात वाइन तीनच होत्या. ९० डॉलरची म्हणून दिलेली वाइन त्यांना दहा डॉलरची म्हणून दिलेल्या त्याच वाइनपेक्षा अधिक आवडली. एवढेच नव्हे, तर सुखाच्या अनुभवाशी निगडित असलेल्या मेंदूच्या भागातील हालचालही वाढलेली दिसली. किंमत न सांगता तीच वाइन पुन्हा दिली, तेव्हा हा फरक उरला नाही. म्हणजे ती माणसे खोटे बोलत नव्हती. किमतीचा आकडा त्यांच्या चवीतच मिसळला होता.

बोर्दो येथे वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांवरील प्रयोगही असाच डोळे उघडणारा आहे. त्यांना पांढरी वाइन दिली गेली आणि नंतर तीच वाइन गंधहीन रंगाने लाल करून दिली गेली. लाल दिसणाऱ्या पेल्याचे वर्णन करताना त्यांनी लाल वाइनसाठी वापरले जाणारे शब्द योजले. डोळ्यांनी जे पाहिले, तेच नाकाने मान्य केले.

म्हणून समाजमाध्यमी अ‍ॅपवर सामान्य ग्राहकांनी दिलेले तारे हा तज्ज्ञांच्या गुणांना सरळ पर्याय मानता येत नाही. तारे देणाऱ्याने लेबल पाहिलेले असते, किंमत मोजलेली असते, आधीच्या ग्राहकांचे मतही वाचलेले असते. शिवाय ती वाइन त्याने स्वतः निवडलेली असल्याने आपली निवड चुकली, हे कबूल करणे त्याला जड जाते. हजारो लोकांच्या मतांची सरासरी ही हजारो स्वतंत्र जिभांची साक्ष असतेच, असे नाही.

तज्ज्ञ कुठे उपयोगी पडतो

हॉजसन यांच्या संशोधनातील एक निरीक्षण फारसे चर्चेत येत नाही. खरे तर ग्राहकासाठी तेच सर्वांत कामाचे आहे. परीक्षक आवडलेल्या वाइनपेक्षा न आवडलेल्या वाइनबाबत अधिक सुसंगत होते. चांगल्या वाइनमध्ये कोणती अधिक चांगली, यावर त्यांचे स्वतःशीही एकमत होत नसे. पण बिघडलेली, सदोष वाइन ते बऱ्यापैकी सातत्याने बाजूला काढत.

यामागचे कारण उघड आहे. दोषांना निश्चित रासायनिक आधार असतो. बुचातील एका संयुगामुळे वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास येतो. हवेशी अति संपर्क आल्यास फळांचा गंध मरून वाइन शिळी वाटते. आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंचा शिरकाव झाला, की तिच्यात सिरक्याचा उग्र वास उतरतो. हे दोष ओळखण्याचे प्रशिक्षण घेता येते आणि त्यात तज्ज्ञ सामान्य ग्राहकाच्या कितीतरी पुढे असतो. आनंदाचे तसे नाही. जांभळाच्या सालीचा वा कच्च्या सुपारीचा तुरटपणा ज्याला लहानपणापासून प्रिय आहे, त्याला टॅनिनने जीभ आकसणारी वाइन खटकत नाही. ज्याला तो तुरटपणा नकोसा वाटतो, त्याला कितीही गुण दाखवले, तरी ती वाइन रुचणार नाही. कडू चवीची संवेदना माणसागणिक वेगळी असते आणि तिचा काही भाग जनुकांवर अवलंबून असतो, हेही आता प्रस्थापित आहे.

सहा हजारांहून अधिक निनावी चाखण्यांच्या नोंदी तपासणारा आणखी एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला होता. किंमत ठाऊक नसताना सामान्य लोकांना महाग वाइन अधिक आवडते असे त्यात दिसले नाही. उलट किंचित कमीच आवडली. वाइनचे प्रशिक्षण घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र महाग वाइनकडे कल असल्याच्या खुणा आढळल्या. किंमत आणि तज्ज्ञांची शिफारस हे दोन्ही सामान्य ग्राहकासाठी कमकुवत मार्गदर्शक ठरू शकतात, असा इशारा अभ्यासकांनी दिला. याचा अर्थ तज्ज्ञ खोटे आहेत असा नव्हे. प्रशिक्षणाने जीभ बदलते आणि बदललेल्या जिभेचा निवाडा न बदललेल्या जिभेला लागू पडेलच, असे नाही.

गोव्याच्या वाचकाला हे समजण्यासाठी वाइनपर्यंत जाण्याचीही गरज नाही. देशाच्या बाजारात हापूसचा दर्जा निर्विवाद मानला जातो. पण मे महिन्यात गोमंतकीय घरात मानकुराद आला, की हापूसची आठवण कोणाला होत नाही. हापूसचे गुण कोणी नाकारत नाही, आणि मानकुरादची आवड कोणी लपवत नाही. हीच सहजता वाइनच्या बाबतीत हरवते, कारण तेथे आत्मविश्वास उसना असतो.

स्वस्त बाटलीचे गणित

परवडणाऱ्या लाल वाइनला गुणांच्या पट्टीवर वरची जागा मिळणे मुळातच अवघड असते. महाग लाल वाइन ओकच्या नव्या पिंपात मुरवली जाते. बोर्दोतील प्रचलित पिंप २२५ लिटरचे, म्हणजे सुमारे तीनशे बाटल्यांचे. त्या पिंपाचा खर्च त्या तीनशे बाटल्यांवर पडतो आणि स्वस्त वाइनला तो झेपत नाही. म्हणून तेथे ओकच्या ढलप्या वा पट्ट्या वापरून तत्सम गंध आणला जातो, किंवा ओक टाळलाच जातो. बाटली, बूच, वाहतूक आणि कर यांचा भार स्वस्त आणि महाग बाटलीवर जवळपास सारखाच पडत असल्याने स्वस्त बाटलीच्या किमतीत प्रत्यक्ष द्राक्षाचा वाटा आणखी आक्रसतो.

गुण देताना परीक्षक प्रामुख्याने दाटपणा, गुंतागुंत आणि टिकाऊपणा यांचा विचार करतो. बाटली दहा वर्षांनी कशी लागेल, हा त्याच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असतो. आठशे रुपयांची बाटली घेणारा ग्राहक ती दहा वर्षे ठेवणार नसतो. बहुधा त्याच रात्री उघडणार असतो. त्याला हवे असते ते ताजे फळ, माफक तुरटपणा आणि जेवणाशी जमणारी आम्लता. या कसोटीवर ८५ गुणांची साधी वाइन ९२ गुणांच्या भारदस्त वाइनपेक्षा सरस ठरू शकते. ‘डिकँटर’सारख्या मोठ्या स्पर्धेत ८६ ते ८९ गुणांना कांस्यपदक मिळते. चिकटपत्रावरील कांस्य पाहून ग्राहक पुढे सरकतो. वास्तविक रोजच्या वापराच्या वाइनसाठी तो समाधानकारक शेरा असतो.

गोव्याचे हवामान, गोव्याचे ताट

परीक्षकाची खोली आणि गोव्यातील जेवणघर यांच्यातही मोठे अंतर आहे. परीक्षक एका बैठकीत डझनावारी वाइन चाखतो, घोट थुंकतो, सोबत जेवण नसते. अशा रांगेत सौम्य वाइन मागे पडते आणि दणकट, गडद, अधिक अल्कोहोलची वाइन उठून दिसते. ताटात मात्र चित्र उलटे होते. तिखटाची जळजळ अल्कोहोलने वाढते आणि टॅनिनचा तुरटपणा तिखटासोबत अधिक बोचरा लागतो. शागुती, विंदालू वा सोरपोतेल यांच्या मसाल्यासमोर आणि सिरक्याच्या आंबटपणासमोर हीच दणकट वाइन कर्कश होते. तेथे कमी तुरट, किंचित गोडसर, फळांच्या चवीची वाइन जमून येते. कोकम घातलेल्या माशांच्या हुमणासोबत तुरट लाल वाइन घेतली, तर तोंडात धातूसारखी चव उरते, हा अनेकांचा अनुभव आहे.

तापमानाचा मुद्दाही असाच. लाल वाइन खोलीच्या तापमानाला घ्यावी, हा संकेत थंड युरोपीय घरांतून आला. त्यात अभिप्रेत असलेले तापमान साधारण १५ ते १८ अंश सेल्सियस. पणजीत दुपारी पारा तिशीच्या पुढे असतो. त्या तापमानाला कोणतीही लाल वाइन सैल आणि भपकेदार लागते. अल्कोहोलच तेवढे नाकात चढते. वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवल्याने स्वस्त लाल वाइन जितकी सुधारते, तितकी ती शे-दोनशे रुपये जादा मोजूनही सुधारत नाही. त्यातच उन्हात तापलेल्या ट्रकमधून आणि वातानुकूलन नसलेल्या गोदामातून आलेली बाटली ही परीक्षकाने चाखलेली बाटली राहिलेलीच नसते. गुण मात्र तेच चिकटून असतात.

आणि गोव्याची स्वतःची स्वस्त लाल वाइन म्हणजे पोर्ट. खरे पोर्ट पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यातले. त्या प्रदेशाची सीमा १७५६ मध्येच आखली गेली. किण्वन चालू असताना द्राक्षाचे मद्यार्क मिसळून ते थांबवायचे, म्हणजे द्राक्षाची साखर शिल्लक राहते, ही त्याची पद्धत. गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून जे मिळते, ते त्या अर्थाने पोर्ट नव्हे. राज्याबाहेरून आणलेल्या द्राक्षांची ती गोड, लाल, स्वस्त वाइन आहे. कोणताही आंतरराष्ट्रीय समीक्षक तिला नव्वद गुण देणार नाही, आणि नावाच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांचा आक्षेपही योग्यच आहे. तरीही नाताळात, लग्नाच्या टेबलावर, आणि गोव्याहून परतणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत तीच असते. तिची गोडी लोकांना आवडते, ती तिखट जेवणाशी जुळते आणि खिशाला झेपते. तिला हसण्यात तज्ज्ञता नाही. पण लेबलवर साखर किती आणि द्राक्ष कोणते, हे स्पष्ट मागण्याचा अधिकार तिच्या चाहत्यालाही आहे. आवड ही चौकशीला सुट्टी देत नाही.

फेणीचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. परक्या नाकाला न रुचणाऱ्या काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो कोणाच्या शंभर गुणांवर नव्हे. तिची पारख गावोगावी होतीच. बाटली हलवल्यावर उठणारे बुडबुडे किती टिकतात, यावरून तिची तीव्रता जोखणारी माणसे होती. तेथे वैयक्तिक आवड आणि जाणकारी या दोन परस्परविरोधी गोष्टी नव्हत्या. रोजच्या सवयीतून आवडच जाणकारीत मुरली होती. वाइनच्या बाबतीत ती मुरण्यास वेळ लागेल, कारण सवयच नवी आहे.

धोरणाची बाजू

भारतात दूरचित्रवाणीवर मद्याची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करण्यास बंदी आहे. सामाजिक आरोग्याच्या दृष्टीने ती समर्थनीयच आहे. पण या बंदीमुळे पदक आणि गुण हेच उत्पादकाचे मुख्य प्रसिद्धी साधन बनते. स्पर्धेत उतरण्यासाठी प्रवेशशुल्क भरावे लागते, नमुने परदेशी पाठवावे लागतात. मोठ्या कंपनीला हा खर्च सहज पेलतो, छोट्या वायनरीला तो जड जातो. परिणामी चिकटपत्र नसलेली वाइन कमी दर्जाची, असा चुकीचा समज पसरतो. ती स्पर्धेत उतरलीच नसेल, ही शक्यता ग्राहकाच्या ध्यानात येत नाही.

महाराष्ट्रात जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा उठलेला वाद सर्वांना आठवत असेल. एका बाजूला द्राक्ष उत्पादकांचे हित, दुसऱ्या बाजूला व्यसनाची भीती, अशी ती मांडणी होती. त्या चर्चेत ग्राहकाला मिळणाऱ्या माहितीचा मुद्दा जवळजवळ आलाच नाही. युरोपात स्पार्कलिंग वाइनच्या लेबलवर गोडीचा दर्जा सांगणारा शब्द बंधनकारक आहे. येथील लाल वाइनवर गोडी आणि तुरटपणा दर्शवणारी साधी पट्टी असली, तरी नवख्या ग्राहकाला ती नव्वदच्या आकड्यापेक्षा अधिक काही सांगेल. पदक छापायचे असेल तर ते कोणत्या स्पर्धेचे, कोणत्या वर्षीचे आणि बाटलीतल्याच हंगामाचे आहे काय, हे ठळकपणे लिहिणे उत्पादकाला अवघड नाही.

या संदर्भात एक गोष्ट विसरता येणार नाही. लाल वाइन आरोग्याला पोषक, हा समज अजूनही विक्रीला हातभार लावतो. मद्याची कोणतीही मात्रा पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. गुण नव्वद असोत वा साठ, शरीराच्या लेखी त्यात फरक नाही.

घरच्या घरी कसोटी

तज्ज्ञ आणि स्वतःची जीभ यांत निवड करण्याऐवजी दोघांची कामे वाटून देणे शहाणपणाचे. वाइन सदोष नाही ना, एवढ्यासाठी तज्ज्ञाचे मत घ्यावे. एका चिकटपत्रावर न विसंबता दोन-तीन ठिकाणी सातत्याने बरे मत आहे का, हे पाहावे. ज्या समीक्षकाची आवड आपल्या आवडीशी जुळते, त्याचे शब्द वाचावेत. आकडा दुय्यम मानावा. ‘दाट, ओकचा गंध, भक्कम टॅनिन’ हे वर्णन एकाला आमंत्रण असते, तर दुसऱ्याला इशारा.

आणि स्वतःची आवड तपासायची असेल, तर ती झाकूनच तपासावी. प्रयोगशाळांत वापरली जाणारी एक सोपी पद्धत घरातही करता येते. दोन वेगळ्या किमतींच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळाव्यात. दुसऱ्या कोणीतरी तीन पेले भरावेत, दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला कोणता, हे चाखणाऱ्याने ओळखायचे. नुसत्या अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. पाच वेळा सलग बरोबर आले, तर तो योगायोग असण्याची शक्यता २४३ मध्ये एक इतकी खाली येते. फरकच ओळखता येत नसेल, तर महाग बाटलीसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. फरक ओळखता आला, तर पुढचा प्रश्न विचारावा, की आवडली कोणती. अनेकदा उत्तर स्वस्त बाटलीच्या बाजूने येते, आणि त्यात ओशाळण्यासारखे काही नसते.

पुढील काही वर्षांत शुल्क उतरेल, तसे या कप्प्यांवर चिकटपत्रांची गर्दी वाढेल. नाशिकची बाटली, ऑस्ट्रेलियाची बाटली आणि गोव्याची पोर्ट शेजारी शेजारी उभ्या राहतील. त्यांतील निवड आकड्याच्या दडपणाखाली झाली, तर लाभ होईल तो पदके विकत घेण्याची ऐपत असणाऱ्यांचा. ती स्वतःच्या ताटाशी, हवेशी आणि खिशाशी पडताळून झाली, तर चिकटपत्र नसलेल्या छोट्या वायनरीलाही ग्राहक मिळेल. जेवणाच्या टेबलावर दुसरा पेला मागितला गेला की नाही, ही नोंद कोणत्याही गुणपत्रिकेत येत नाही. पुढची बाटली घेताना ग्राहकाने आधी ती आठवावी.